पेवाची बोली

गेल्या जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, पिरिहिराने रताळ्यांचं पेव उघडलं आणि दोन पावलं मागे सरून नाक दाबलं. टेकडीच्या कुशीत खणलेलं, आत वाळका नेचा अंथरलेलं, गुडघ्यांवर रांगतच शिरता येईल एवढ्याशा तोंडाचं ते पेव तिच्या आजीच्या आजीपासून चालत आलं होतं. त्यात ठेवलेलं रताळं हिवाळाभर हू की चू करत नसे. आता तिने आत हात घातला तर बोटं थेट लगद्यात बुडाली. तिसऱ्या थरापर्यंत सगळं सडलं होतं, आणि त्याखालच्या थरांवर घाण पाझरत होती.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. ईस्टरला शहरातली लेकरं-नातवंडं काढणीला आली होती. मोठ्या हौसेने आली, दणकून राबली, आणि रग्बीचा चेंडू फेकावा तशी रताळी एकमेकांकडे फेकून त्यांनी पोती भरली. रताळ्याला बसलेला मुका मार वरून दिसत नाही. साल तशीच तुकतुकीत राहते आणि आतून मात्र ते कुजायला लागतं, शेजाऱ्याला घेऊन. पिरिहिरा तेव्हा "हळू, हळू" म्हणत शेतभर फिरली होती. तिचं कोणी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला त्याहून जास्त काही बोलताही आलं नाही.

बियाण्यापुरतीसुद्धा रताळी उरली नाहीत. मग पलीकडच्या खोऱ्यात चुलत नणंदेकडे जावं लागलं. नणंदेने दोन टोपल्या दिल्या आणि वर ऐकवलं, "देते की. नाही कशाला म्हणू? पण तुमच्याकडं रताळं धरायला शिकवत नाहीत वाटतं आताशा?" परतीच्या वाटेवर पिरिहिरा गाडीत टोपल्यांवर हात ठेवून बसली होती. गाडी चालवणारा केरेआमा, तिचा नवरा, उगाच शीळ घालत होता. तिला ती शीळ मेली नकोशी वाटली.

त्या उसन्या बियाण्याचे वेल मात्र झकास आले. मार्च उजाडला तेव्हा बेचाळीस वरंब्यांवर पानांची दाटी झाली होती. आणि त्याच महिन्यात शाळेचं पत्र आलं.

पत्र आणलं माटेरोआने. ही पिरिहिराची धाकटी लेक, खोऱ्यातल्या एकशिक्षकी शाळेची बाई. कधीकाळी शाळेचा पट साठ होता, आता तेरा. तेरा पोरांसाठी शाळा चालवणं खात्याला परवडत नव्हतं. जूनअखेर शाळेला कुलूप, आणि पोरांना बसने तालुक्याला, जायला दीड तास आणि यायला दीड तास. एकच वाट उरली होती. गावाने आपल्या माओरी भाषेतून शाळा चालवायची म्हटली तर खातं ती राहू देणार होतं. अट एवढीच की बाईंच्या जोडीला रोज वर्गात असं एक माणूस हवं, ज्याची ती पाळण्यापासूनची बोली आहे. ईस्टरनंतर साहेब येऊन बघून जाणार होते.

"म्हणजे तू, आई," माटेरोआ म्हणाली.

"मी नाही."

"मग कोण? सहा जण होते बोलणारे. चौघं टेकडीवर झोपलेत, एक दवाखान्यात पडलाय. बाबांना काय येतं ते तुला माहितीच आहे."

"मला विनोद येतात," केरेआमा म्हणाला. तो लहानपणी तालुक्याला मावशीकडे वाढला होता. त्याला भाषा समजायची, पण बोलायला गेला की तिसऱ्या वाक्याला अडखळायचा. "आणि मयतीची गाणी येतात. पोरांना रोज मयतीचं गाणं कसं शिकवायचं?"

"तू आहेस की कॉलेजात शिकलेली," पिरिहिरा लेकीला म्हणाली.

"पुस्तकी आहे गं माझी. मी पोरांना 'बस' म्हणते तेव्हा बहुतेक 'आपण आसनस्थ व्हावे' असं काहीतरी म्हणत असेन. मला शिव्या देता येत नाहीत, लाड करता येत नाहीत. तू शेजारी असलीस तर मीही शिकेन."

"त्या खोलीत मी पाय ठेवणार नाही. विषय संपला. बटाटे सोल."

विषय काय होता ते घरात सगळ्यांना माहीत होतं. सहा वर्षांची असताना पिरिहिरा त्याच शाळेत, त्याच खोलीत गेली होती, आणि घरची बोली तोंडातून निघाली म्हणून तिने चामडी पट्ट्याचे फटके खाल्ले होते. एकदा नाही, जवळजवळ रोज. हात बरे झाले. पण पुढे तिला पाच पोरं झाली आणि त्या पाचांशी ती एक अक्षर माओरी बोलली नाही, त्यांचे हात सुजू नयेत म्हणून. बोलली ती इंग्रजी, लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीत स्वयंपाक करता करता शिकलेली. बस, खा, पाय पूस, दार लाव. पोरं मोठी झाली ती आपली आई अबोल आहे असं समजून. ती मोकळी बोलायची फक्त कोंबड्यांशी आणि कुत्र्याशी, कारण त्यांना कोणी शाळेत घालणार नव्हतं.

"मी म्हणतो, कोंबड्या घेऊन जा वर्गात," केरेआमा म्हणाला. "त्यांच्याशी तू बोल, पोरं आपोआप ऐकतील."

पिरिहिराने त्याच्या ताटातला पावाचा तुकडा उचलून कुत्र्याला घातला. माटेरोआ बटाटे सोलत राहिली. तिचे डोळे भरले होते आणि कांद्यावर ढकलायला तिथे कांदा नव्हता.

ईस्टर झाला. यंदा शहरातल्यांना पिरिहिराने येऊ नका म्हणून कळवलं होतं. पण आता खोदणार कोण? तीस वर्षं वाकून मेंढ्या कातरल्याने केरेआमाची कंबर गेलेली. दोघांनी मिळून रविवारी चार वरंबे कसेबसे काढले. रेडिओ सांगत होता की गुरुवारी समुद्राकडून जोराचा पाऊस येणार. ओल्या मातीतलं रताळं पेवात घालायचं म्हणजे पुन्हा तोच लगदा, आणि पुन्हा नणंदेच्या दारात.

सोमवारी सकाळी माटेरोआ तेराच्या तेरा पोरं घेऊन बांधावर हजर झाली.

"शाळेचं काय?" पिरिहिराने विचारलं.

"शाळा जूनपर्यंतच आहे. निदान रताळी तरी वाचू देत," माटेरोआ म्हणाली आणि तिने चार दातांचं फावडं उचललं.

खाण्याचे डबे कुंपणाबाहेर ठेवायचे, शेतात घास न्यायचा नाही, एवढं पोरांना ठाऊक होतं. बाकी सगळा आनंद. मोठी माणसं फावड्याने वरंबा उकलत जायची, मागून पोरं हातांनी माती सारून रताळी वेचायची. पिरिहिरा इंग्रजीत म्हणत होती, "जपून. जपून." पोरं म्हणत होती, "हो, हो." आणि गेल्या वर्षीसारखंच चाललं होतं. तासाभरात तिचा आवाज बसला. तिच्या इंग्रजीत जपून हा एकच शब्द होता, आणि तो झिजून गुळगुळीत झाला होता.

तेवढ्यात हाओरा नावाच्या दहा वर्षांच्या धटिंगणाने मनगटाएवढं तांबडं रताळं लांबून दुसऱ्याकडे फेकलं. झेल सुटला. रताळं वरंब्यावर आपटून गडगडत पिरिहिराच्या पायाशी आलं.

"आरं ए वांडा!" पिरिहिरा गरजली, आणि गरजली ती माओरीत. "धोंडा हाय व्हय त्यो? पाच म्हैनं मातीच्या पोटात वाढलाय, जिता जीव हाय! तुला तुझ्या आयनं आसंच फेकलं आस्तं तर? दोन्ही हात लाव! तान्ह्याचं डोस्कं धरत्यात तसा धर, खाली हात घाल, आंगठ्यानं दाबू नगं! आन् तू रं, नाक शिंकरून तेच हात लावतुस? पूस आदी! ह्यो बघ, ह्यो धड. ह्येला फावड्याचा दात लागलाय, ह्यो आजच्या जेवनात. ह्येला अळीनं खाल्लाय, डुकराला. आन् ह्यो तू फेकल्याला, ह्येला मुका मार! वरनं राजा दिसतुया, पन पेवात घातला तर समद्या खानदानाला कुजवंल त्यो!"

माटेरोआचं फावडं हवेतच राहिलं. तीस वर्षांत आईच्या तोंडून एवढी वाक्यं सलग तिने कधी ऐकली नव्हती.

पिरिहिराचं तिचं तिलाच उमगलं आणि तिचा मातीचा हात तोंडाकडे गेला. ती वाट बघत राहिली. कशाची, ते तिलाही सांगता आलं नसतं. काहीच झालं नाही. हाओराने रताळं दोन्ही हातांनी उचललं आणि इंग्रजीत विचारलं, "असं?"

"आता कसं!" ती म्हणाली. "आस्सं."

पुढे लाजायला सवड नव्हती, कारण ढग थांबणार नव्हते. आणि शेतातली सगळी नावं तिच्या तोंडात त्याच भाषेत होती. धड, दात लागलेलं, अळीचं, करंगळीएवढं, मुक्या माराचं. इंग्रजीत ती सगळी नुसतीच रताळी होती. निवडायची तर नावं हवीत, म्हणून पोरांनी नावं घेतली. माटेरोआची लेक हिनेवेही, वय वर्षं सहा, हिला पहिल्यापासून थोडंफार समजत होतं. सभाघरात म्हाताऱ्या लहानग्यांना माओरीतच सांभाळायच्या, त्या असताना त्यांच्यात ती दोन वर्षं रांगली होती. ती शहाण्यासारखी मागून फिरायची आणि ज्याला कळलं नाही त्याला कोपराने ढोसून समजावायची.

मंगळवारी पोरं आपापसात ओरडत होती, "अळीचं! अळीचं!" "न्हाय रं, दात लागल्यालं!" माटेरोआ खोदता खोदता कान देऊन ऐकायची आणि पुटपुटत घोकायची. चूक झाली की आई तिलाही फटकारायची, पोरांच्या देखत. माटेरोआला त्याचा कसला आनंद व्हायचा म्हणून सांगू! गुडघे सोलवटले होते, नखांत माती घट्ट बसली होती, फावड्याच्या दांड्याने तळव्याला फोड आला होता, आणि बाई लहान पोरीसारखी हसत होती.

बुधवारी पेव लावायला घेतलं. तोंड लहान, म्हणून बारकी पोरं आत आणि मोठी बाहेर. पेवात आवाज चढवायचा नसतो. हिनेवेही आत पालथी पडून थर लावत होती, आणि बाहेरून पिरिहिरा एकेक रताळं अंगठ्याच्या पेराने चाचपून देत होती.

"धड," पिरिहिरा हळूच म्हणायची.

"धड," आतून आवाज यायचा. "आज्जे, ह्येचं शेपूट भिताडाकडं का आत?"

"आत. भिताड गार आसतंय, बाय. त्येला सर्दी हुईल."

केरेआमा चहाची किटली घेऊन कुंपणापाशी आला होता. तो ऐकत राहिला. चहा निवला. त्याच्या जिभेवर कोंबड्यांचा एक टोमणा तयार होता, तो त्याने गिळला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि ही बाई इतकं गोड बोलते हे त्याला आज कळत होतं. त्याला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

संध्याकाळी हात धुताना माटेरोआ म्हणाली, "आई, तू बोललीस."

"शेतात बोलले. शेत वेगळं."

"साहेब सोमवारी येणार आहेत."

"येऊ देत. मी त्या खोलीत यायची नाही," पिरिहिरा म्हणाली. पण या वेळी तिने विषय संपला असं म्हटलं नाही.

साहेब सोमवारी आलेच नाहीत. ते त्याआधी, दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी आले. पावसाने ओढ्याचा रस्ता बुडेल म्हणून क्रॉफ्टसाहेबांनी चार दिवस आधीच गाडी काढली होती. शाळेला कुलूप, दारावर कागद: 'रताळ्यांत आहोत.' मग गाडी शेताकडे वळली. साहेबांसोबत रापाता नावाचे म्हातारे गृहस्थ होते, दुसऱ्या खोऱ्यातले. गावची भाषा खरी की दाखवायची, हे पारखायला खात्याने त्यांना आणलं होतं.

शेवटचे सहा वरंबे राहिले होते आणि आभाळ काळंठिक्कर पडलं होतं. क्रॉफ्टसाहेब सफरचंद खात खात कुंपणाचं फाटक ढकलून आत शिरले. हिनेवेही धावत गेली आणि दोन्ही हात पसरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"म्होरं पाय टाकू नगंस! त्वांडात घास हाय तुझ्या! हितं रताळ्याचं वावर हाय, खायाचं भाईर जाऊन खा!"

साहेब सफरचंद हातात धरून थबकले. "काय म्हणते ही?"

"शाळा चालू आहे म्हणते," रापाता म्हणाले. ते फाटकाबाहेरच थांबले होते. "आणि तुम्ही नियम मोडलात. बाहेर या आधी."

साहेब बाहेर आले, सफरचंद संपवलं, तोंड पुसलं आणि मग पुन्हा आत आले. पोरीने त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळून वाट दिली. माटेरोआ चिखलाच्या हातांनी समोर आली.

"बाई, आज शाळेचा दिवस आहे," क्रॉफ्टसाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर गाडी चालवून आंबलेला होता. "पटावर तेरा आणि वर्गात कोणी नाही. मी काय लिहू?"

माटेरोआने हातांचा चिखल पुसत भरलेल्या टोपल्यांकडे बोट केलं. तोवर रापाता हाओरापाशी उकिडवे बसले होते. बाजूच्या टोपलीतलं एक सुरेख तांबडं रताळं उचलून त्यांनी माओरीत विचारलं, "ह्यो एवढा देखना गडी भाईर का काढलास, लेकरा?"

हाओराने रताळ्याकडे बोट दाखवलं. सोमवारपर्यंत त्याला आपल्या भाषेत स्वतःचं वयही सांगता येत नव्हतं. "ह्येला... मुका मार हाय. आतनं. आंगठा लावा, आजा. मऊ लागतंय."

"मग? पेवात घाल की. कोन बघतंय?"

"न्हाय!" हाओरा उसळला. "त्यो... त्यो शेजाऱ्याला घिऊन..."

"शेजाऱ्याला घिऊन कुजंल," हिनेवेहीने पुरं केलं. "आन् मंग त्येचा शेजारी, आन् मंग त्येचा. उंद्याच शिजवून खायाचा त्यो. तुमास्नी ठावं न्हाय?"

रापाता उठले तेव्हा त्यांचे गुडघे कडकड वाजले. ते साहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "साहेब, मी बऱ्याच शाळा पाहिल्या. पोरं रंगांची नावं म्हणतात, वारांची नावं म्हणतात, पोपटासारखी. ही पोरं माझ्याशी भांडली. आणि ही बोली कॉलेजातली नाही. याच खोऱ्यातली आहे, माझ्या लहानपणी इथून येणाऱ्या म्हाताऱ्या असंच हेल काढून बोलायच्या. मला वाटलं होतं, ती गेली."

"चांगलंच आहे," साहेब म्हणाले. "पण मला शेताचा अहवाल द्यायचा नाही, शाळेचा द्यायचा आहे. रोज वर्गात कोण असणार? नाव लागेल मला. नाव नसेल तर जूनअखेर बंद." त्यांनी बॅगेतून कागद काढला, आणि शाळेचं एक जुनं पिवळं हजेरीपुस्तकही. "या वयाची गावात एकच जिवंत नोंद सापडली. फिलिस. दुसरीत शाळा सोडली. तुम्हीच का?" त्यांनी पिरिहिराकडे वळून विचारलं.

माटेरोआने आईकडे पाहिलं नाही. पाहिलं तर आईला ते मागणं वाटेल, म्हणून ती मातीकडे बघत राहिली. तेरा पोरं टोपल्या धरून उभी होती. टेकडीवरून गार वारा सुटला होता.

पिरिहिरा त्या पिवळ्या पानाकडे पाहत होती. फिलिस. मास्तरांची जीभ वळेना म्हणून त्यांनी चिकटवलेलं नाव. त्या नावाची पोरगी कोण, कुठली, हे ना तिच्या आईला माहीत होतं, ना डोंगराला. पन्नास वर्षं ती कागदावर गप्प बसून होती. पिरिहिराला एकदम तिचा राग आला, आणि मग दयाही आली.

तिने फावडं मातीत रोवलं, गार वाऱ्यासाठी खांद्यावरून घेतलेली घोंगडी नीट केली आणि ताठ उभी राहिली.

"लिव्ह," ती माओरीत म्हणाली.

आणि ती सांगू लागली. आधी डोंगराचं नाव, मग नदीचं. ज्या होडीतून पूर्वज आले त्या होडीचं. मग त्या पूर्वजाचं, त्याच्या लेकाचं, त्या लेकाच्या लेकीचं, जिने हे शेत पहिल्यांदा भाजून काढलं. तिथून पिढी दर पिढी खाली, एकही नाव न अडखळता, तिच्या आज्यापर्यंत, आईपर्यंत. आवाज कुठल्या कुठे चढला होता. रापाता हळू आवाजात एकेक नाव साहेबांना पुन्हा सांगत होते, आणि साहेब लिहीत होते. कागदावर नावासाठी बोटभर जागा होती. ती पहिल्या दमातच भरली. मग त्यांनी समासात लिहिलं, मग पान उलटलं, पाठकोरी बाजू भरत आणली. सगळ्यात शेवटी ती म्हणाली, "ह्यांच्या पोटची मी पिरिहिरा."

ती थांबली. अशा बोलण्यानंतर आपल्या माणसांनी मागे उभं राहून गायचं असतं. गाणं नाही झालं तर बोलणारा भर सभेत उघडा पडतो. तिच्या मागे कोणी नव्हतं. क्षणभर नुसता वारा ऐकू आला, आणि तिला आपण किती उघड्यावर उभ्या आहोत ते जाणवलं.

मग कुंपणाच्या खांबाला धरून केरेआमा कण्हत सरळ झाला. त्याने घसा खाकरला आणि आपल्या फाटक्या आवाजात सुरुवात केली. त्याला येत होतं ते मयतीचंच गाणं होतं, पण तेच गाणं लोक उभं राहून अभिमानानेही म्हणतात. दुसऱ्या ओळीला माटेरोआ मिळाली. तिसऱ्या ओळीला टोपल्या खाली ठेवून, हळूच, दोन्ही हातांनी ठेवून, तेरा पोरं पिरिहिराच्या मागे येऊन उभी राहिली. गावच्या प्रत्येक मयतीत ती आयांच्या कडेवर बसून हे गाणं ऐकत आली होती. ती गळा काढून गायली. पिरिहिराच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

गाणं संपलं. क्रॉफ्टसाहेबांनी रापातांना हळूच विचारलं, "म्हणजे त्या हो म्हणाल्या का?"

"साहेब," रापाता डोळे पुसत म्हणाले, "नाही म्हणायला कोणी सातशे वर्षं सांगत बसत नाही."

साहेबांनी कागद गाडीच्या टपावर ठेवून सही केली. "शाळा राहील," ते म्हणाले. "सोमवारपासून या दोघी वर्गात."

"आणि लावणीला, काढणीला पोरं इथं," पिरिहिरा इंग्रजीत म्हणाली. परक्या माणसापुढे तिच्या इंग्रजीला एवढं लांब वाक्य प्रथमच जमलं होतं. "ते पण लिहा."

साहेबांनी तेही लिहिलं, उरल्यासुरल्या कोपऱ्यात. पोरांनी एकच गिल्ला केला.

"वरडू नगा, मेल्यांनो, पेव हाय शेजारी!" पिरिहिरा म्हणाली, आणि सगळी जागच्या जागी चिडीचूप झाली. "सा वरंबं ऱ्हायल्यात. चला!"

पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले होते. क्रॉफ्टसाहेबांनी कोट काढून गाडीत टाकला, बाह्या सारल्या आणि काही न बोलता वरंब्याशी गुडघे टेकले. त्यांनी मातीतून एक रताळं उपसलं. हाओराने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, परत मातीत ठेवलं, आणि साहेबांची दोन्ही मनगटं धरून त्यांना ते पुन्हा, नीट, उचलायला लावलं.